शालूकाकींची स्थळप्रत

लाईट गेली की आमच्या वाडीत एकच आवाज उठायचा, "गेली!" मग जो तो पंखा सोडून अंगणात यायचा. त्या वर्षी मात्र त्यामागोमाग आणखी एक आवाज यायचा. शेजारच्या आजगावकरांच्या घरातला लाकडी जिना धडधडायचा. गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारी शालूकाकी तो जिना धावत चढायची. वर जाऊन करायची काय, तर बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. बंद कॉम्प्युटरसमोर उभं राहून काही होत नाही हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती धावायची, आणि इकडे मी माझ्या घरात कान देऊन बसायचो, कारण ती का धावते हे सगळ्या वाडीत मला एकट्यालाच माहीत होतं. आता मी बदलीने वैभववाडीला आलोय. इथंही लाईट जाते. जिना वाजत नाही, एवढंच.

शालूकाकी आमच्या तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायची आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाली. बारीक चणीची, चापूनचोपून तेल लावलेले केस, अंबाड्यात अबोलीचा वळेसर आणि त्यातच खोचलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीने ती काय लिहायची कोण जाणे, पण राग आला की ती उपसायची आणि राग गिळला की परत खोचायची. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक नक्कल कचेरीतच राहते, तिला स्थळप्रत म्हणतात. काकीचा देवावर विश्वास होता, पण स्थळप्रतीवर अंमळ जास्त. कुठलाही साहेब घाईघाईने फाईल मागायला आला की ती आधी विचारायची, "स्थळप्रत खंय आसा?" निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला आणि कोणीतरी भाषणात म्हणालं, "काकी चालल्या, पण आपली स्थळप्रत ठेवून जा म्हणावं." सगळे हसले. काकी हसली नाही. कोपऱ्यात बसलेल्या नव्या कारकून मुलीकडे बोट करून म्हणाली, "ठेवलंय. तिका तरास देऊ नकात." ती मुलगी तिथंच रडायला लागली.

घरी आल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. चष्मे दोन, एक माडीवर, एक खाली. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या दोन, दोन्हींवर तीच चिठ्ठी. भाऊंच्या गोळ्यांची एक पट्टी वर, एक खाली. भाऊ म्हणजे तिचे यजमान. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, उभी हयात तळेऱ्याच्या स्टँडवर गेली. तिथं मुंबई-गोवा रस्ता सोडून गाड्या देवगडच्या आणि विजयदुर्गच्या बाजूला वळतात. आवाज असा, की कर्णा बिघडला तरी कोणाला कळायचं नाही. ते चारचौघांत सांगायचे, "आमच्या घरात सगळा दोन दोन. बायल तेवढी एकच, तिची स्थळप्रत नाय." काकी आतून ओरडायची, "माजी स्थळप्रत काडूक गेलात तर मशीन मोडतला!"

भाऊंच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. जिना चढायचा नाही, आणि धक्का बसेल असं काही कानावर घालायचं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा मंदार तेव्हा व्यापारी जहाजावर होता. त्याच्या मेल यायच्या त्या माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. वडिलांना वर जाता येत नाही म्हटल्यावर त्याने सुट्टीत येऊन खाली पडवीत एक लॅपटॉप मांडून दिला. पत्ता एकच, मशिनं दोन. वरचं काकीचं, खालचं भाऊंचं.

पहिल्याच महिन्यात भांडण. मी कॉलेजात लॅब असिस्टंट, म्हणून वाडीने मला कॉम्प्युटरचा डॉक्टर ठरवलं होतं. काकीने हाक मारली.

"सतीशा, मेल हेंका इली आणि माका नाय, ह्या कसला रे?"

भाऊ म्हणाले, "तळेऱ्यार गाड्यो फुटतत मां, एक देवगडाक, एक विजयदुर्गाक. तशी फुटता ही."

"माजो झील मंदार काय दोन गाड्यांतसून येता?" काकीने पेन्सिल उपसली.

झालं होतं असं, की जे मशीन आधी चालू होईल ते आलेलं टपाल उचलून स्वतःकडे न्यायचं आणि दुसऱ्याला काही उरायचं नाही. मी दोन्हीकडची मांडणी बदलली. टपाल मेल देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या मशीनवरच राहायचं आणि घरातल्या दोन्ही मशिनांवर तेच दिसायचं, फोल्डरसकट. दोन्हीकडे सारखं पाहिल्यावर काकीचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता ही मला शाल-नारळ देणार. भाऊंना तर कामच मिळालं. लॅपटॉपवर मंदारची मेल दिसली की ते जिन्याखाली उभे राहून वर तोंड करून पुकारायचे, "शाले, सिंगापूर गाडी लागली हाऽऽ!" वरून उत्तर यायचं, "दिसली माका!" रस्त्याने जाणारे थबकायचे.

काकीने हे सगळं आपल्या कचेरीच्या भाषेत बसवलं, आणि तिथंच घोटाळा झाला. खाली दिसतं ती स्थळप्रत, असं तिने मनाशी धरलं. एक दिवस वर फार गर्दी झाली म्हणून मंदारच्या पहिल्या बोटीवरच्या सगळ्या मेल तिने निवांतपणे काढून टाकल्या. खाली स्थळप्रत आहेच की! थोड्या वेळाने पडवीतून भाऊंची आरोळी आली, "शाले, पोराचा पयला सगळा गेला गो!"

काकी माझ्या दारात आली तेव्हा पेन्सिल हातात होती. "स्थळप्रत पण गेली. मगे ती स्थळप्रत कसली?"

"काकी, खाली प्रत नाय आसा," मी म्हटलं. "कागद एकच. तू वरच्या खिडकेतसून बघतंस, भाऊ खालच्या."

मेल कचऱ्याच्या फोल्डरात सापडल्या, मी त्या परत जागेवर ठेवल्या. काकी मात्र माझ्या वाक्यापाशीच अडली होती. "एक कागद, दोन खिडक्यो," ती पुटपुटली. "म्हणजे मी वर उघडलंय तर खाली समाजता?"

"समाजता. न उघडलेली मेल ठळक दिसता. एकान उघडली की दोनय कडे अक्षरां बारीक होतत."

"म्हणजे पोच," काकी म्हणाली आणि पेन्सिल खोचली. तिला ते फार आवडलं. त्या दिवसापासून भाऊंनी कुठली मेल वाचली आणि कुठली नाही, हे ती माडीवरून ओळखायला लागली.

मग ती मेल आली. भाऊ सकाळी मासळीबाजारात गेले होते. काकीने कुंपणावरून हात केला, हाक मारली नाही, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

"चपला भायर काड. वर ये. वाच."

मंदारच्या कंपनीची मेल होती. जहाज एका परक्या देशाच्या तटरक्षकांनी अडवून त्यांच्या बंदरात नेलं होतं. कागदपत्रांचा काही वाद होता. खलाशी जहाजावरच आहेत, सुखरूप आहेत, कुटुंबीयांनी वर्तमानपत्रांशी बोलू नये, पुढचं याच पत्त्यावर कळवलं जाईल. मी दोनदा वाचलं. काकीकडे बघायचा धीर होईना.

"हेंका कळाक नको," ती म्हणाली. "बाजारातसून येतले ते पयले लॅपटॉप उघडतले. ही मेल खाली दिसाक नको. आणि कायमची जाऊक पण नको."

मी सांगितलं, तसं एकाच तऱ्हेने होतं. वरच्या मशीनमध्येच एक वेगळा फोल्डर करायचा. त्यात टाकलेली मेल फक्त इथं राहणार. खाली दिसणार नाही, पण मोठ्या मशीनवरूनही जाणार. हे मशीन बिघडलं की संपलं.

"म्हणजे स्थळप्रत?"

"नाय, काकी."

तिने पेन्सिल उपसली. बराच वेळ हातात फिरवली. ज्या बाईने साध्या रजेच्या अर्जाचीसुद्धा नक्कल ठेवली, ती पोराची बातमी एकाच जागी ठेवायला तयार होते का, हे मी बघत होतो. "कर," ती म्हणाली. फोल्डरला नाव काय द्यायचं विचारलं, तर लगेच उत्तर आलं, "संकीर्ण. संकीर्ण फाईल कोण उघडणा नाय."

कंपनीची कुठलीही मेल आली की आपोआप 'संकीर्ण'मध्ये जाईल असा नियमही मी लावून दिला. पण तो नियम वरचं मशीन चालू असेल तरच चालणार. ते बंद पडलं, तर मेल सरळ मुख्य पेटीत, भाऊंच्या डोळ्यांसमोर. आणि खालचा लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, नेट भाऊंच्या मोबाईलवरून यायचं. घरातला इन्व्हर्टर खालच्या पंख्यापुरता होता. वर जोडून घे म्हटलं तर काकी म्हणाली, "कित्याक, असा विचारतले. काय सांगू?" म्हणून लाईट गेली की ती जिना धावत चढायची.

भाऊंना तिने सांगितलं की जहाजावरचं नेट बिघडलंय. "बरा," एवढंच म्हणाले ते. त्यानंतर जिन्याखालून पुकारणं थांबलं. मला वाटलं, मेलच येत नाहीत तर पुकारणार काय? मासळीबाजारात बायका विचारायच्या, "झील कसो आसा गो?" काकी म्हणायची, "बरो आसा," आणि बांगड्यांचे डोळे तपासायला लागायची. तिचं ते "बरो आसा" मला ऐकवत नसे. अशा वेळी मी सरळ पुढच्या टोपलीकडे जायचो.

एके दुपारी माडाची झावळी तारांवर पडली आणि लाईट गेली ती येईचना. मी काकीकडेच होतो. ती अर्ध्या जिन्यावर उभी, ना वर ना खाली. पडवीत भाऊ लॅपटॉपसमोर, पाठमोरे. त्यांची बोटं चालत होती.

"काय बघतास?" काकीने विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

"हवामान," भाऊ म्हणाले. वळले नाहीत.

ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, पाठ वाचता येते का ते बघत असावी. शेवटी लाईट आली. आम्ही दोघं वर गेलो. ते जुनं मशीन चालू व्हायला इतका वेळ घेत होतं, की मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. चालू झालं, आणि आमच्यादेखत मुख्य पेटीतली कंपनीची एक मेल सरकून 'संकीर्ण'मध्ये गेली. ठळक अक्षरांत.

"वाचूक नाय तेंनी," काकी खुर्चीत बसली. "देवा रे महाराजा."

तिने मेल उघडायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. "सतीशा, ह्यो बाण कसलो?"

मेलच्या शेजारी एक लहानसा वाकडा बाण होता. मला तो दिसला नव्हता. कागदावरचा प्रत्येक शेरा बघण्यात जन्म गेलेल्या बाईला तो दिसला. मी म्हटलं, उत्तर दिलं की तो बाण येतो.

"मी नाय दिलंय उत्तर." ती माझ्याकडे वळली. "आवक उघडूक नाय, आणि जावक झाली?"

खालून पंख्याचा आवाज येत होता. उत्तर तिथूनच गेलं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. उघडलेली मेल पुन्हा ठळक करून ठेवता येते. तेवढं भाऊंना जमलं होतं. बाण पुसता येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

काकीने आधी मूळ मेल उघडली. एक खलाशी आजारी पडल्याने त्याला बंदरातल्या इस्पितळात हलवलं आहे, नाव त्याच्या घरच्यांना स्वतंत्रपणे कळवलं जाईल, असं होतं. मग तिने 'पाठवलेले' हा फोल्डर उघडला. पाठवलेलंही दोन्ही खिडक्यांतून दिसतं, हे भाऊंच्या लक्षात आलं नव्हतं. मोडक्या इंग्रजीत चार ओळी होत्या. मराठीत सांगायचं तर अशा: मी मंदारचा बाप. वाईट काही असेल तर या पत्त्यावर लिहू नका, मला फोन करा. नंबर खाली दिला आहे. इथलं टपाल माझी बायको उघडते, आणि ती वर एकटी असते.

काकी रडली नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हेंका इंग्लिश येता, ह्या माका ठावकच नाय." मग पेन्सिल अंबाड्यात नीट खोचली. "तो नियम काड."

"काकी, मगे सगळा खाली दिसतला."

"दिसांदे."

"आणि भाऊंका काय सांगतलंस?"

"काय्येक नाय. तेंनी ठळक करून ठेवल्यानी मां? मगे ठळकच ऱ्हवांदे."

मी नियम काढला. भाऊंनी पुढे कधीतरी मला सांगितलं, की लॅपटॉपच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव चमकायचं आणि पेटीत बघावं तर मेल नाही. "जल्म गेलो गाड्यो बघण्यात. स्टँडार इलली गाडी फलाटार लागणा नाय, म्हणजे खंयतरी लपवल्यानी आसतली. इतक्या माका समाजणा नाय?"

त्या दुपारनंतर लाईट गेली तरी जिना वाजेना. वाडीला वाटलं काकीचे गुडघे पार गेले. पण आता दुसरंच सुरू झालं होतं. आधी काकीला मेलची भीती होती, आता फोनची. इस्पितळात नेलेला खलाशी मंदारच असेल, तर ते आता भाऊंच्या फोनवर कळणार होतं. एकदा सकाळी मी गेलो तेव्हा काकी आडाळ्याच्या विळीवर बसून नारळ खवत होती. पडवीत फोन वाजला. खवण्याचा आवाज थांबला. नारळाची कवड तिच्या हातात तशीच, पातीवर टेकलेली. मला वाटलं हात कापून घेते आता.

"हॅलो," भाऊ म्हणाले. मग गप्प. मग, "नाय वो, तुमचो नंबर चुकलो. हय टेम्पो नाय आसा."

खवणं पुन्हा सुरू झालं. नारळाचा थोडा चव परातीच्या बाहेर पडला होता, तो तिने बोटाने गोळा केला. पडवीत भाऊंनी फोन पालथा ठेवला आणि तेही भिंतीकडे बघत बसले. दोघांच्या मधे एक भिंत होती फक्त. मला वाटायचं, जावं आणि दोघांचे हात धरून एकत्र बसवावं. पण ते माझं काम नव्हतं, आणि काकीने मला तसं बजावलंही होतं.

शेवटची दुपार सांगतो. आमच्या घरी आलेलं त्यांचं पातेलं परत द्यायला मी पडवीत शिरलो. भाऊ लॅपटॉपसमोर होते. दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर कंपनीची नवी मेल होती, ठळक, आणि ते तिला हात लावत नव्हते. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि बघितलं नाही.

मग जिना वाजला. धावत नाही. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. वरच्या खिडकीतून तिनेही तीच ओळ बघितली होती. काकी खाली आली आणि भाऊंच्या खुर्चीमागे उभी राहिली. दोघं एकाच पडद्याकडे बघत होती. मी हातातलं पातेलं खाली ठेवायलाही विसरलो.

"फोन इललो?" काकीने विचारलं.

भाऊ सावकाश वळले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं हे मला त्यांच्या मानेवरूनही दिसलं. फोनचं या घरात फक्त त्यांना माहीत असायला हवं होतं.

"नाय," ते म्हणाले. आवाज तळेऱ्याचा नव्हता. "नाय इलो."

"मगे उघडा."

त्यांनी उघडली. अक्षरं बारीक झाली. जहाज सोडण्यात आलं होतं, मंदार धरून बाकीचे सगळे खलाशी जहाजावरच होते, आजारी खलाशी बरा होऊन दुसऱ्या वाटेने घरी निघाला होता. भाऊंनी ते पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागे सारून ते उठले, जिन्याखाली जाऊन उभे राहिले आणि रिकाम्या माडीकडे तोंड करून, छाती फुटेल अशा आवाजात पुकारले, "शाले, गाडी सुटली गोऽऽ!"

"मी हय आसय," काकी त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

ते वळले नाहीत. वरच बघत राहिले, खांदे हलत होते. काकीने त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरली होती आणि दुसऱ्या हाताने अंबाड्यातली पेन्सिल उपसून ती मला सांगत होती, "सतीशा, बघतंस काय? प्रिंट काडून हाड. दोन."